माझं इंजेक्शन कुठलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलून परत फिरते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही शैलाला ओळखत नाही. ओळखत असता तर माझी जीभ उचलली नसती.

शैला आणि मी देगलूरच्या एकाच शाळेत होतो. पुढं ती लग्न होऊन लातूरला गेली. नवऱ्याचं, म्हणजे बसवराजचं, भांड्यांचं मोठं दुकान. मी नांदेडला आले. विष्णुपुरीला कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवते. मधली कितीतरी वर्षं आमचा काही संबंध नव्हता. मग एका वर्गमैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात गाठ पडली — दोघींच्याही डोक्याला स्कार्फ बांधलेला. बघताक्षणी दोघींना कळलं. दोघींना स्तनाचा कॅन्सर, त्यातही एकाच जातीचा. तिथंच खुर्च्या ओढून आम्ही रडलो, आणि मग रडता रडता हसलोही.

इथपर्यंत मी चांगली होते. खरंच होते.

त्यानंतर रोज फोन. केमो संपून आता दोघींना तेच एक इंजेक्शन चालू होतं, दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर. ती सांगायची — बसवराज दुकान बंद ठेवून सोबत येतात, सलाईन संपेपर्यंत हात सोडत नाहीत. खोली स्वतंत्र. बिल बघायचंही नाही, पॉलिसी आहे, नुसती सही करायची. मी ऐकायचे आणि पोळ्या लाटायचे. माझा नवरा मला दवाखान्याच्या गेटवर सोडून कामाला जायचा. जाणं भागच होतं, त्याच पगारातून इंजेक्शन यायचं. आमची पॉलिसी कुठली? हे सगळं मला कळत होतं. तरी मी जळायचेच. आजारसुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगला मिळाला — असं वाटायचं मला. आजाराचा हेवा! असं कुणाला वाटतं का?

एकदा ती सहज म्हणाली, "विजे, मला फॉरेनचं इंजेक्शन हाय म्हणे. लई महागाचं. तुझं कुठलं गं?"

माझं इथल्या कंपनीचं होतं. माझ्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं — याला बायोसिमिलर म्हणतात, मूळ औषधासारखंच बनवलेलं, तपासून बाजारात आलेलं, काम तेच करतं आणि पैसे निम्म्याहून कमी लागतात. मला पटलंही होतं. पण शैलानं विचारलं आणि मला एकदम शाळेतला माझा ठिगळाचा स्कर्ट आठवला.

"माझंबी तेच," मी म्हणाले.

एवढंच असतं तर मी आज लिहायला बसले नसते. अशी खोटी बढाई कोण मारत नाही?

पाचसहा महिन्यांनी बसवराजचा फोन आला. मला ते ताई म्हणतात. आवाज पडलेला. "ताई, पॉलिसीची लिमिट संपली. नवी व्हायला अजून लई दिवस हायत. विमा कंपनी आता एक पैसा देणार न्हाई. डॉक्टर म्हणायलेत की इथल्या कंपनीचं घ्या, चालतं. पण शैला भिऊन गेली. तुम्ही सांगा, तुमचं ऐकंल ती. द्यावं का?"

लिमिट संपली, हे ऐकून मला बरं वाटलं. हे वाक्य मी खोडून परत लिहिलंय. मला बरं वाटलं. वाटलं, आता बघ म्हणावं, पैसे मोजताना कसं वाटतं ते.

आदल्याच दिवशी ते स्वस्तातलं औषध माझ्या अंगात गेलं होतं. हातावर सुईचा निळा डाग होता. हो, मीही तेच घेते म्हटलं तर माझं खोटं उघडं पडणार होतं, हे एक. पण तेवढंच होतं का? नाही. ती सुखात सुटायला नको होती मला.

मी म्हणाले, "नका देऊ. माझ्या डॉक्टरांनी तर स्पष्ट नको सांगितलं. त्याचा काय भरोसा?"

त्यांनी दोन वेळा महागडंच घेतलं, रोख. दुकानातला माल पडत्या भावात काढला. मग हात टेकले आणि ठरवलं, पॉलिसी नवी होईपर्यंत थांबू. डॉक्टर नको म्हणत होते, तरी थांबले. मला हे शैलानंच फोनवर सांगितलं. तेव्हाही बोलता आलं असतं. मी म्हणाले, "काळजी घे."

पॉलिसी नवी झाली, इंजेक्शन परत चालू झालं. पुढच्याच वर्षी तिच्या यकृतात गाठी दिसल्या. त्या खंडामुळेच, असं कुठलाच डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत नाही. नाही असंही सांगत नाही.

मी लातूरला भेटायला गेले. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. बसवराज पाणी आणायला गेले तेव्हा माझं मनगट धरून म्हणाली, "तू होतीस म्हणून बरं झालं विजे. न्हाई तर ह्यांनी मला हलकं औषध दिलं असतं."

मी तिचे केस मागे सारले. दिवाळीआधी ती गेली.

मी बरी आहे. तपासण्या स्वच्छ येतात.

मागच्या महिन्यात बसवराजनी माझा नंबर नायगावच्या एका बाईला दिला. ताईंनी पूर्ण कोर्स केलाय, त्यांना विचारा, म्हणाले. तिचा फोन आला. घाबरलेली होती. विचारत होती, इथल्या कंपनीचं घेतलं तर चालतं का.

मी तिला माझ्या, इथल्याच कंपनीच्या औषधाचं नाव सांगितलं. मीही तेच घेतलं, म्हणाले. सांगायला काहीच वेळ लागला नाही.