दादाच्या हातातली प्रेस

आधीच सांगून टाकतो, आमच्या घरात भुताला गेटपास नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ करत वाढलेलं घर… अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची, यातलं काही उंबऱ्याच्या आत आलं नाही. शेजारच्या काकूंनी उतरवून टाकलेल्या लिंबाचं मी सरबत करून प्यायचो, इतका मी पुरोगामी. (फुकटचं लिंबू होतं, हेही खरं.) त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आकुर्डीतल्या एका शाळेत गणिताचा सर. वडील जन्मभर कंपनीत घासले आणि त्यांनी ठरवलं, थोरल्याच्या हाताला ऑइल लागू द्यायचं नाही. नाही लागलं. दादाला बल्बसुद्धा बदलता येत नाही, वहिनी बदलते. धाकट्याबद्दल वडिलांनी काहीच ठरवलं नव्हतं, ते मी सार्थ केलं. गणितात गटांगळी, आयटीआय, मग चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षं पत्रा दाबला. आता क्वालिटीत आहे, म्हणजे इतरांनी दाबलेल्या पत्र्यातल्या चुका काढतो. बायको म्हणते, त्याला पगार कशाला, घरी तर फुकट करता.

दुसऱ्या लाटेत दादा व्हेंटिलेटरवर गेला. थेरगावच्या बाजूला कसाबसा बेड मिळाला. वहिनी स्वतः पॉझिटिव्ह, पिंपळे गुरवच्या घरात कोंडलेली. म्हणून हॉस्पिटलबाहेरच्या मांडवात बसायला मी. आत कुणाला सोडत नसत. दुपारी सिस्टर एकदा व्हिडिओ कॉल करून पेशंट दाखवायच्या, तेवढंच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर छायाताई असायच्या, लातूरकडच्या. त्यांचा नवरा विलास, तोही चाकणलाच कुठल्यातरी कंपनीत होता, आणि आत दादाच्या शेजारच्याच बेडवर. छायाताईंकडे साधा फोन, म्हणून सिस्टर माझ्याच मोबाईलवर दोन्ही बेड दाखवायच्या. विलासला या आजारातच झटका आला होता. रक्ताची गुठळी मेंदूत गेली, म्हणाले. तो निपचित पडलेला असायचा.

दादाची नळी निघाली. डोळे उघडले, पण ओळख कुणाचीच नाही… आणि त्याचे हात सुरू झाले.

डावा हात बाजूला जाऊन काहीतरी उचलायचा, समोर ठेवायचा. मग दोन्ही तळवे दोन बाजूंना एकदम दाबायचे. जरा थांबायचं. उजवा हात पुढे जाऊन तयार पीस उचलायचा, पलीकडे टाकायचा. पुन्हा डावा. प्रेस खाली येताना हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकू नयेत, म्हणून दोन हातांना दोन बटणं असतात. अर्धं आयुष्य मी तेच केलंय — अंधारातही ओळखेन.

डॉक्टरांना विचारलं. भला माणूस, त्या गर्दीतही थांबून समजावलं. म्हणाले, याला डिलिरियम म्हणतात. ऑक्सिजन कमी पडलेला, गुंगीची औषधं, आजाराची सूज, सगळा भार मेंदूवर येतो. बरेच पेशंट हातांनी आपलं रोजचं काम करत राहतात. शिंपी शिवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. हे काय करतात? गणित शिकवतात, म्हणालो. मग फळ्यावर लिहीत असतील, म्हणाले. असेल, म्हटलं. फळ्यावर कुणी दोन तळव्यांनी लिहीत नाही, हे पोटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी छायाताई मोबाईलवर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"भाऊ, हे आमच्या ह्यांचं काम हाय," त्या हळूच म्हणाल्या. "झोपेत बी असंच प्रेस चालवायचे. ती करंगळी बघा."

दादाची उजवी करंगळी ताठ उभी होती. बाकीची बोटं मिटत-उघडत होती, ती नाही.

"ह्यांची डायमधी चेपली होती. तवापासून वाकत न्हाई."

मी म्हटलं, सलाईनच्या सुईनं आखडली असेल. सुई डाव्या हाताला होती.

त्यानंतर फोन लागला की त्या म्हणायच्या, आधी सरांना दाखवा. नवऱ्याकडे नंतर बघायच्या.

विलास गेला. छायाताईंना लांबून चेहरा दाखवला, तेवढाच. दादा मात्र घरी आला, वॉकर धरून. इतक्या वर्षांच्या बायकोला 'मावशी' म्हणायला लागला. मला ओळखलं नाही त्याचं मला फार वाटलं नाही, शाळेतही तो मला ओळख दाखवायचा नाही. पण रोज दुपारी जेवण झालं की प्रेस सुरू, घामाने बनियन भिजेपर्यंत. वहिनी हात धरून ठेवायची, तर तिच्या हातांसकट प्रेस चालायची.

छायाताईंचा फोन आला, अजून चालू हाय का? मी हो म्हणालो. मग त्या रविवारी यायला लागल्या. पलंगाजवळ बसायच्या, बघायच्या, जायच्या. हॉस्पिटलातली ओळख, चौकशीला येतात, अशी थाप मी वहिनीला मारली होती. मला गणित येत नाही तशी थापही येत नाही.

"भावजी," वहिनी स्वयंपाकघरात म्हणाली, "ती बाई माझ्या नवऱ्यात तिचा नवरा बघायला येते, आणि तुम्ही तिला चहा करून देता?"

मी गाळणं धुवायला घेतलं.

"मला माझा माणूस पाहिजे. बाकी मला काही कळत नाही."

चिंचवडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. मेडिकलमधून आणल्या मीच. हात मंदावत गेले. एका सकाळी दादाने वहिनीला नावाने हाक मारली आणि चहात साखर कमी म्हणून कुरकुर केली. वहिनी ओट्याला टेकून रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. छायाताईंना कळवायचं तेवढं राहून गेलं… की राहू दिलं, कोण जाणे.

रविवारी त्या आल्या. दादा खुर्चीत, हात मांडीवर. "या, बसा," तो म्हणाला. "आपला मुलगा कितवीत?"

छायाताई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. वहिनीने त्या दिवशी स्वतः चहा आणला. तो त्यांनी अर्धाच घेतला. मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, गोळ्यांनी फरक पडला.

"चांगलं झालं, सर बरे झाले," त्या म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. "कंपनीनं ह्यांच्या जागेवर आठवड्यात दुसरा माणूस लावला, भाऊ. तुमच्याकडं तरी इतके दिवस कामावर होते."

चिंचवडच्या डॉक्टरांना शेवटी सगळं सांगितलं; ते म्हणतात, दादाने कधीतरी मला मशीनवर बघितलं असेल. तो माझ्या कंपनीच्या गेटपर्यंतही कधी आला नाही. तरी म्हणू, असेल. मग करंगळी? मला माहीत नाही. दादाला यातलं काहीच आठवत नाही, आणि वहिनीने त्याला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. छायाताईंचा फोन परत आला नाही. मीही केला नाही — काय सांगणार होतो?