ठकूबाईचं वल्हं

पेठच्या ठकूबाईला बाजारात सगळे वचकून असत. नारायणगावच्या आठवडे बाजारात ती सुकट-बोंबील विकायची. भाव पाडून मागणाऱ्याला जिभेनं आणि अंगचटीला येणाऱ्याला तागडीच्या दांडीनं उत्तर द्यायची. एका दारुड्यानं तिच्या पाटीला लाथ मारली, तेव्हा तिनं त्याचं मनगट मोडलं, आणि मग त्यालाच जीपमध्ये कोंबून हाडवैद्याकडं नेलं.

नवरा लवकर गेला. जानकू आणि भिमाजी ही दोन पोरं तिनं एकटीनं वाढवली, ती मारूनच. थोरला जानकू जीप चालवायचा, धाकटा भिमाजी चाकणला कारखान्यात होता. जानकूचा हात आईवर गेला होता आणि भिमाजीची जीभ. दोघं एका ताटाजवळ बसले, की कुणीतरी उठून जायचंच.

दोन हजार तीनची दिवाळी सरली आणि ठकूबाईनंच टूम काढली, की रविवारी सगळ्यांनी डिंभ्याच्या धरणावर मासं धरायला जायचं. तिचं माहेर त्याच पाण्याखाली गेलेलं. तिचा भाऊ गेणभाऊ वर काठाला घर बांधून राहिला होता आणि त्याच्या दोन होड्या होत्या. लहानपणी घोड नदीच्या डोहात ठकूबाई पोरांच्या बरोबरीनं उड्या मारायची. तिच्या पोरांना मात्र गुडघाभर पाण्यापलीकडं काही ठाऊक नव्हतं.

म्हणून गेणभाऊनं निरोप दिला होता, "ट्रॅक्टरच्या ट्यूबा हवा भरून आणा. कंबरंला बांधल्याबिगर मी होडीत घेणार नाय."

जानकूनं घोडेगावात पंक्चरवाल्याकडं ट्यूबा भरून घेतल्या, चहा प्यायला आणि ट्यूबा तिथंच ठेवून जीप काढली. हे ध्यानात आलं ते रविवारी सकाळी, काठावर. जानकूची बायको बयाबाई चुलीला दगड मांडत होती. ती म्हणाली, "आता जाऊन आणा की. तवर भाकरी व्हत्यात."

"मी हाये ना," ठकूबाई म्हणाली. "माझ्या डोहात मला कोण बुडवतंय? बसा रं."

गेणभाऊ लई बोलला, पण बहिणीपुढं त्याचं कधी चाललं नव्हतं. तो चिडून आपल्या दुसऱ्या होडीत बसून एकटाच पुढं गेला. मायलेकांची होडी मागून निघाली.

पार मध्यावर, जिथून काठावरची बयाबाई ठिपक्याएवढी दिसत होती, तिथं त्यांनी जाळं सोडायला घेतलं. भिमाजी गप्प बसेना. "ट्यूबा इसरला. उद्या पॅसिंजर इसरशील. वहिनीला तर इसरलाच व्हता, दोन वर्सं माहेरी बसली व्हती ती."

जानकूनं हातातलं जाळं टाकलं आणि त्याच्या तोंडात भडकावली. भिमाजीचा ओठ फुटला. त्यानं जानकूच्या पोटात लाथ घातली. जानकूनं त्याचा गळा धरला आणि होडीच्या काठावर त्याचं डोकं आपटलं, एकदा, दोनदा. होडी गदगदा हलायला लागली.

"बसा! मुडदं पडलं तुमचं, बसा खाली!" ठकूबाई ओरडली. आणि आयुष्यभर केलं तेच तिनं केलं. वल्हं उचललं आणि दोघांना हाणायला उभी राहिली. तिचं वजन एका बाजूला गेलं आणि होडी पालथी झाली.

पाणी गार होतं. ठकूबाई वर आली तेव्हा वल्हं तिच्या हातातच होतं. चार हातांवर भिमाजी होता, पायात जाळं गुंतलेला. आणि त्याच्या खांद्यावर जानकू चढला होता. बुडणारा माणूस सापडेल त्यावर चढतो; त्याला भाऊ दिसत नाही. जानकूचे गुडघे भिमाजीच्या मानेवर होते आणि भिमाजीचं डोकं पाण्याखाली गेलं ते वर येईना.

"जानकू, सोड त्याला! सोड!"

त्याचे डोळे तिच्याकडंच होते, पण त्याला ऐकू जात नव्हतं. तिनं त्याचा हात ओढला, तर त्यानं तिचाच पदर पकडून तिला खाली दाबलं. ती कशीबशी सुटली. मग पाय मारत अंग पाण्याबाहेर काढून तिनं वल्हं त्याच्या कपाळावर मारलं. त्यानं सोडलं नाही. दुसरा घाव डोळ्यावर बसला. रक्त उडालं, त्याचे हात सैल झाले आणि तो खाली गेला.

तिनं भिमाजीला केसांनी वर ओढलं, दातानं जाळं तोडलं, त्याला पालथ्या होडीच्या बुडावर घातलं आणि तिथल्या तिथं पुन्हा बुडी मारली. जानकूचा शर्ट हाताला लागला. आरडाओरडा ऐकून गेणभाऊ वल्हवत पोचला, तेव्हा ती होडीच्या बुडावर छाती टेकून, एका हातानं थोरल्याची मान धरून लटकली होती आणि दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर थापडा मारत होती. "श्वास घे! घे म्हणते ना, मुडद्या!"

दोघं जगले. जानकूचा डावा डोळा मात्र गेला. पुण्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं भिमाजीला विचारलं, "तिनं मलाच का मारलं?"

जीप सुटली. जानकू बयाबाईच्या माहेरी शिनोलीला जाऊन राहिला. सहा-सात महिन्यांनी तो भर बाजारात आईपुढं येऊन उभा राहिला. ठकूबाई काही बोलायच्या आत त्यानं तिच्या कानफटात मारली. पाटीतली सुकट रस्त्यावर सांडली. आजूबाजूच्या बाया धावून आल्या, एका गड्यानं जानकूची कॉलर धरली.

"हात लावू नका त्याला," ठकूबाई म्हणाली. तिच्या कानातून रक्त येत होतं.

"धाकटा लाडका, म्हणून मला फोडला," जानकू म्हणाला.

"तू वर व्हतास, तो खाली. तू खाली असतास तर त्याला फोडला असता." ती खाली बसून सुकट गोळा करू लागली. "उभी राहिले ते मात्र चुकलं. ते माझ्याच हातनं झालं, जानकू."

तो निघून गेला. त्यानंतर ठकूबाई निवळली असं म्हणतात, ते काही खरं नाही. पुढच्याच पावसाळ्यात तिनं एका दलालाचे दोन दात पाडले. पोरांवर मात्र हात टाकला नाही. पोरं तरी कुठं जवळ होती.

चार वर्षांनी, नरकचतुर्दशीच्या पहाटे, जानकू बयाबाईला घेऊन पेठला आला. का आलो ते त्यानं सांगितलं नाही. सणाला आलेल्या भिमाजीनं मोरीपुढं पाट मांडला आणि बाजूला सरला. जानकू उघडा होऊन बसला. ठकूबाईनं तेल कोमट केलं, डोक्यावर घातलं आणि चोळत चोळत कपाळाशी आली. बोटं डोळ्याजवळ येताच त्यानं तिचं मनगट गच्च पकडलं. इतकं गच्च, की बयाबाई दारातून पुढं झाली.

ठकूबाईनं हात सोडवून घेतला नाही.

मग जानकूनंच तो सोडला. म्हणाला, "तिथं हळू चोळ. अजून दुखतंय."