तात्यांची ठकठक

आमचे तात्या कुणाशीही बोलायच्या आधी काहीतरी वाजवायचे. समोर मोटारसायकलवाला असला तर त्याची टाकी, दुकानदार असला तर त्याचा काउंटर, डॉक्टर असला तर त्याचं टेबल. माझ्याशी, म्हणजे सुनेशी बोलायचं असलं की स्वयंपाकघराची चौकट. हातात काठी असली तर काठीनं, नसली तर बोटांच्या पेरांनी. ठक ठक, आणि मग, "सूनबाई, च्या हाय का?" चहा डोळ्यांसमोर गॅसवर उकळत असायचा, तरी ठक ठक. लग्न होऊन सणसरला आले तेव्हा पहिले काही महिने मी दर वेळी दचकायचे. नंतर दचकायचं थांबले आणि चिडायला लागले.

कारण साधं होतं. तात्यांना ऐकू कमी यायचं. लहानपणी त्यांनी वडिलांच्या मागं मेंढरं राखली, पुढं घरात शेती आली, आणि मग कित्येक वर्षं उसाचा ट्रॅक्टर कारखान्यावर नेताना टेप मोठ्यानं लावून त्यांनी स्वतःचे कान घालवले. पण हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते जगच पुटपुटायला लागलं होतं. "आताच्या मान्सांच्या नरड्यात दमच न्हाय," म्हणायचे. माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, बारामतीहून कानाचं यंत्र आणून दिलं. ते त्यांनी एक दिवस घातलं आणि सुपारीच्या डबीत ठेवून दिलं. "त्यात नुसती भांडी वाजत्यात," हे कारण. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या मात्र अख्ख्या वस्तीनं आपापल्या घरात बसून ऐकायच्या.

माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं, बारामतीच्या एका दवाखान्यात. मुलगी झाली. आम्ही तिचं नाव शिवन्या ठेवलं, पण तात्यांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. त्यांच्यासाठी ती पहिल्या दिवसापासून कारभारीण. दवाखान्यात बाळांचे कान तपासणारी बाई रजेवर होती, दोन दिवसांनी येणार होती. तोवर इथंच थांबू, असं मी म्हणत होते. तात्यांनी खाटेची दांडी वाजवली. "पाचवी घरीच झाली पायजे. सटवाई काय दवाखान्यात हुडकत येनार हाय का?" संदीप हसला. सटवाईच्या पूजेसाठी आम्ही घरी आलो, कानांचं नंतर बघू म्हटलं, आणि मग ते राहूनच गेलं.

मी एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात प्रयोगशाळेत आहे. रजा संपल्यावर कामावर जायला लागले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. बाळाची अंघोळ-खाणं बघायला शेजारच्या सुमनकाकू यायच्या, बाकीचा दिवस तात्यांचा. आम्हा दोघींपेक्षा त्यांचाच थाट मोठा. सकाळी ते दिवाणाची फळी ठोकायचे. फळीवर झोपलेली कारभारीण लगेच मान वळवायची. मग तात्या तोंड तिच्या तोंडाजवळ नेऊन, पोलिसपाटलाला विचारावं तसं विचारायचे, "काय कारभारीण, पानी सोडलं का उसाला?" आणि तोंड उघडं ठेवून थांबायचे. ती पाय झाडायची, हुंकार द्यायची. "व्हय? लाईट न्हाय म्हनताय? मग वायरमनला सांगा की." पुन्हा थांबायचे. मी डबा भरून दारात उभी, मला उशीर होतोय, आणि यांची पाणीवाटपाची बैठक संपायची नाही.

ती सात-आठ महिन्यांची झाली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकत नव्हती. मी मागून हाक मारली तर वळत नव्हती. मी संदीपला सांगितलं. संदीपनं तात्यांना सांगितलं, कारण आमच्या घरात कुठलाही प्रश्न शेवटी तात्यांकडंच जातो. तात्यांनी फरशीवर काठी आपटली. कारभारीण गर्रकन वळली आणि हसली. "बग. ऐकू येतंय का न्हाय?" आता याला काय म्हणायचं? दुधाचा एकच नमुना बघून टँकर आत घ्यायचा नसतो, एवढं मला कामावर शिकवलंय. पण घरात मी एकटी आणि ते दोघं. लसीच्या वेळी डॉक्टरांनी मला विचारलं, "बाळ आवाजाला प्रतिसाद देतं ना?" माझं तोंड उघडायच्या आत डॉक्टरांचं टेबल वाजलं. "देतंय की. लई चलाख हाय." डॉक्टरांनी कागदावर खूण केली.

त्याच सुमारास अंगणवाडीच्या ताईंबरोबर पुण्याची एक मुलगी आमच्याकडं आली. ऋता तिचं नाव. बाळं घरातल्या माणसांशी कशी बोलतात, शब्द यायच्या आधी त्यांची देवाणघेवाण कशी चालते, याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी ती एक. चटईवर मी आणि बाळ बसायचं, रोजच्यासारखं खेळायचं, ती कॅमेऱ्यात टिपणार. बाकीच्यांनी बाजूला बसायचं. हे तात्यांना सांगितलं, तात्यांनी मान डोलावली, आणि कॅमेरा सुरू होताच चटईवर येऊन बसले. ऋतानं त्यांना आदरानं उठवलं. थोड्या वेळानं चित्रात काठी आली. मग काठीमागून तात्या आले. मी त्या पोरीच्या जागी असते तर कॅमेरा गुंडाळून निघून गेले असते. ती हसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हीच खेळा बरं."

मग काय, बैठक भरली. फळी वाजली, पाणी सुटलं, वायरमनला निरोप गेला. ऋता ते टिपत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "ते विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात, बघितलंत? मोठी माणसं सहसा थांबत नाहीत." मला अजिबात बरं वाटलं नाही. मी तिला कुकरच्या शिट्टीचं सांगितलं. तिचा चेहरा बदलला. ती तात्यांसमोर जाऊन बसली आणि मोठ्यानं, तोंड नीट हलवत म्हणाली, "आजोबा, आता तिच्या मागं उभे राहा. काही वाजवू नका. पाय पण आपटायचा नाही. नुसती हाक मारा."

तात्यांनी हाक मारली. "कारभारीण!" शेजारच्या गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. कारभारीण लाकडी चमचा चघळत होती, ती चघळत राहिली. तात्यांनी पुन्हा हाक मारली, आवाज फाटेपर्यंत. चमचा चालूच. त्यांचा हात काठीकडं गेला, तेव्हा ऋतानं काठी धरली. "झोप आली असंल तिला," तात्या म्हणाले. ते कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि त्या दिवशी परत चित्रात आले नाहीत.

पुण्यात तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. फळीचा, फरशीचा हादरा तिच्या अंगाला कळायचा, म्हणून ती वळायची. डॉक्टर म्हणाल्या, यंत्रं लावू, शिकवू, बोलेल. पण आधी आणली असती तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर तात्या गाडीत पुढं बसले होते, मी मागं. माझा इतक्या महिन्यांचा राग एकदम वर आला. मी म्हणाले, "तात्या, तुमच्या हट्टापायी हा उशीर झाला." संदीपनं आरशातून माझ्याकडं बघितलं. तात्या खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले. मी काही वाजवलं नव्हतं, त्यामुळं त्यांना ऐकूच गेलं नाही. या माणसावर धड रागावताही येत नव्हतं.

यंत्रं आली आणि वेगळाच ताप सुरू झाला. लावलं की कारभारीण ओढून काढायची आणि फेकायची. एकदा ते गाईच्या गव्हाणीत सापडलं. मी रडकुंडीला आले होते. एका सकाळी तात्या सुपारीची डबी घेऊन आले. आपलं यंत्र पुसलं, नवा सेल घातला, कानात बसवलं, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. तिनं त्यांच्या कानाला हात लावला, मग आपल्या. तिनं काढलं की तेही काढायचे. त्यांनी घातलं की ती मला घालू द्यायची. हा खेळ कितीतरी दिवस चालला, आणि एका दिवशी यंत्र दुपारपर्यंत कानात राहिलं. तात्यांचे मात्र हाल होते. मिक्सर लागला की डोळे मिटून घ्यायचे. "केवढा कालवा हाय हा. तुमी समदी रोज ह्यातच ऱ्हाता व्हय?"

माझीही पंचाईत झाली. इतकी वर्षं स्वयंपाकघरात मी खुशाल पुटपुटायचे, ते आता बाहेर पोचायला लागलं. "ऐकलं बरं का," असं ओसरीवरून उत्तर यायचं. मग एक दिवस ते चौकटीत येऊन उभे राहिले. चौकट वाजली नाही, म्हणून मी चमकून वळले.

"त्या दिशी गाडीत काय म्हनली हुतीस?"

"काही नाही, तात्या."

"तुजं तोंड हललेलं मी बाजूच्या आरशात बगितलं. आता ऐकाया येतंय. म्हन."

मी गॅस बंद केला आणि म्हणाले. तेच वाक्य, फक्त या वेळी आवाज चढला नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "व्हय," म्हणाले. "माज्यामुळंच झालं." आणि चहा न मागता गोठ्याकडं गेले. मला वाटलं होतं, त्यांनी कबूल केलं की बरं वाटेल. त्या दिवशी माझ्या हातून सगळ्या भाकरी करपल्या.

कारभारीण आता बोलते. शब्द थोडे बोबडे, पण वाक्यं लांबलचक आणि बरीचशी हुकमी. बालवाडीच्या बाई तक्रार करतात, की ही बोलायच्या आधी बाक वाजवते, मग समोरच्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत हटत नाही. सवय मोडा, म्हणतात. मी मान डोलावते. घरी येऊन काहीही करत नाही.

गेल्या थंडीत तात्या गेले. अंघोळ घालून त्यांना अंगणात ठेवलं होतं. कुणीतरी त्यांच्या कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. मंडळी जमली होती, बायका रडत होत्या, आणि कारभारीण माणसांच्या पायांतून वाट काढत पुढं गेली. तिनं त्यांच्या शेजारी जमिनीवर मूठ आपटली. वाट बघितली. मग त्यांचा कान बघितला आणि वैतागून माझ्याकडं वळली, अगदी मी त्यांच्यावर वैतागायचे तशी. घरात गेली, सुपारीची डबी घेऊन आली आणि संदीपच्या हातात दिली. "तात्यांनी घातलंच नाही."

आता हे सगळं कशाला, असं कुणीतरी वडीलधारं म्हणालं. संदीपनं ऐकलं नाही. त्यानं खाली बसून वडिलांच्या कानात यंत्र बसवलं. तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. तिनं तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं, "पाणी सोडलं का?" म्हणून विचारलं, आणि त्यांनी शिकवलं होतं तसं तोंड उघडं ठेवून उत्तरासाठी थांबली.