मधुकररावांचा टर्बो आणि पिवळी रेघ

कन्नमवार नगरात मधुकर तोंडवळकरांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. ज्या बिल्डिंगच्या गेटच्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ दिसेल, ती त्यांची. विक्रोळीच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये त्यांनी तेहतीस वर्षं काढली. तिथला रिवाज असा की नट आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची. रेघ सरकलेली दिसली की नट सैल झाला. मधुकरराव रिटायर झाले, रिवाज झाला नाही. सोसायटीचा झोपाळा त्यांनी एकदा असा आवळला की पोरं त्यावर नुसतीच बसून घरी गेली.

त्यांच्याकडे सत्तावीस वर्षांची डिझेल जीप आहे. गेल्या मे महिन्यात गावी, घराच्या चढणीवर, ती अर्ध्यात बसली. शुभाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ऑपरेशन झालेले गुडघे घेऊन उरलेली घाटी चढावी लागली. तीनदा वाटेत टेकल्या. वर पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "यापुढे मी रेल्वेने येणार. तुम्ही या तुमच्या लाडकीला घेऊन."

जीप घेतल्यापासून शेजारची सीट रिकामी ठेवून मधुकरराव कधी गावी गेले नव्हते. आता भाच्याचं लग्न दहा दिवसांवर आलेलं आणि शुभाताईंचं तिकीट फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेलं. पाणी प्यायला गेलं की तेच आधी दिसायचं.

म्हणून त्यांनी जीप मुलुंडला हर्षदच्या गॅरेजात नेली. हर्षदने नव्या जातीचा टर्बो बसवला.

"काका, इंजिनाच्या धुरावर हा पंखा फिरतो आणि आत जास्त हवा कोंबतो. भोवती पाकळ्या आहेत बघा. गाडी हळू असली की मिटतात, म्हणजे चढावर लगेच जोर. स्पीड घेतला की उघडतात. ही दांडी त्यांना हलवते."

"म्हणजे दांडी सैल आहे."

"सैल नाही काका, चालती आहे."

मधुकररावांनी मान हलवली. सैल आणि चालती यातला फरक काही डोक्यात शिरला नाही.

घरापर्यंत जीप मजेत आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडून रेस दिली, तर दांडी पुढे-मागे. इतक्या महाग कामात हे हलतंय? इंजिन बंद केलं, थंड होऊ दिलं, दांडीला पट्टी लावून आवळली, पिवळी रेघ मारली आणि चहा घेतला.

मग भानगड सुरू झाली. पार्कसाइटच्या चढावर जीप अशी सुटली की भाजीवाल्याने हातगाडी मागे ओढली. पण हायवेला पन्नासच्या पुढे काटा जाईना. सायलेन्सरमध्ये कुणी बोळा कोंबल्यासारखी गुदमरायची. चढावर पैलवान आणि सपाटीला दमेकरी, असलं इंजिन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला. शेजारचा खंडू म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ आहे. पवईत नोकरी करणाऱ्या जावयाने, केयूरने, एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा माणूस अर्धा तास पाकळ्यांवर बोलत होता. मधुकररावांनी तो दोनदा बघितला. पहिल्यांदा थोडं कळल्यासारखं वाटलं, दुसऱ्यांदा तेही गेलं.

हर्षदला फोन केला.

"काका, इथून गेली तेव्हा मख्खन होती. नंतर काही केलंत का?"

"काही नाही रे मेल्या."

हे खोटं नव्हतं. आवळणं म्हणजे काही करणं, असं ते मानतच नसत. ते दात घासण्यात जमा.

लग्नाला चार दिवस उरले. मधुकरराव बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते, तेवढ्यात शुभाताई कोपऱ्यावरून दूध घेऊन आल्या. थांबल्या. चष्मा वर केला.

"अहो, ही रेघ कधी मारलीत?"

"चार दिवस झाले. दांडी हलत होती."

"माझ्या शिलाई मशीनच्या बॉबिनचा स्क्रूही हलत होता. रेघ मारून दिलात. महिनाभर धागा तुटत होता आणि तुम्ही शिव्या धागेवाल्याला देत होतात."

मधुकररावांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "पण आवळल्यावर चढाला जोर आला, त्याचं काय?"

"हर्षदचं ते पाकळ्यांचं तुम्हीच मला जेवताना तीनदा ऐकवलंत. मिटतात आणि उघडतात. गाडी उभी असताना, म्हणजे मिटलेल्या असताना आवळल्यात. आता त्या उघडणार कशा?"

पट्टी सुटली. इंजिन चालू झालं, दांडी पुन्हा हलायला लागली. मधुकररावांचा हात शिवशिवला. शुभाताई दुधाच्या पिशवीसकट शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चला. आधी हायवे, मग पार्कसाइट."

हायवेला सत्तर गाठली तरी धाप नाही. पार्कसाइटचा चढही एका दमात.

"सैल सोडल्यावर दोन्हीकडे जोर," परत सोसायटीत वळताना मधुकरराव पुटपुटले. "मग आम्ही तेहतीस वर्षं केलं काय?"

"गेट बघा समोर. घासवाल तुमची लाडकी."

रात्री तिकीट रद्द झालं. लग्नाला निघताना शुभाताई पुढे बसल्या, मांडीवर पर्स. पर्समध्ये पिवळ्या रंगाची बाटली. घरी ठेवली तर हे परत वर जाऊन आणतील, म्हणून त्यांनीच उचलली होती.

पनवेल मागे पडलं तरी मधुकररावांचे कान बॉनेटकडेच. आत काहीतरी हलतंय आणि म्हणूनच गाडी पळतेय, हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं.