आईच्या पदरातलं बूच

डोळे मिटतात, पण कान जागे आहेत. मे महिन्यातली दुपार, पोटात जेवण, डोक्यावर पंखा आणि पाठीला संग्रहालयाची गार भिंत. मी भयंकर चिडलेली आहे. चिडलेल्या माणसाला झोप लागत नाही म्हणतात, मला मात्र लागते आहे.

समोर दोरीच्या पलीकडे आमची होडी आहे. खाडीवर पूल झाला तशी ती काठावर पडून राहिली. आई गेल्यावर माझ्या धाकट्या भावाने, उदयने, ती या समुद्री संग्रहालयाला देऊन टाकली. तीच दाखवायला सुट्टीत त्याने आम्हा सगळ्यांना इथे आणलंय. तळाच्या भोकातलं लाकडी बूचसुद्धा तेच आहे, चिंधी गुंडाळलेलं. आणि शेजारी पाटी: ‘तरीची होडी. नावाडी : कै. विष्णू सोमा खडपकर.’

विष्णू खडपकर म्हणजे आमचे बाबा. पाण्यात पाय घातला की त्यांना घेरी यायची. अख्खा गाव या काठावरून त्या काठावर नेला तो आईने, सुभद्राने. परवाना तेवढा बाबांच्या नावावर होता.

“परवान्यावर जे नाव, तेच पाटीवर,” उदय मघाशी म्हणाला.

“माणसं परवान्यात बसून खाडी ओलांडायची का रे?”

“ताई, इथे तमाशा नको.”

त्याच्या मुलीने, ओवीने, मला विचारलं, “आत्या, आजोबा होडी चालवायचे?” मी तोंड उघडायच्या आत उदयनेच ‘हो’ म्हणून टाकलं. मग ते वर तोफा बघायला गेले आणि मी या बाकावर बसले.

त्यांचे आवाज जिन्यावरून येत राहतात. मग विरतात. मग वल्ह्याचा आवाज येतो.

आई होडीत बसली आहे. काष्टा आवळलेला, कपाळावर घाम. करवंटीने होडीतलं पाणी उपसून ती सरळ संग्रहालयाच्या फरशीवर फेकते आहे.

“आये, फरशी भिजता. ते लोक ओरडतले.”

“ओरडांदेत. भिजणा नाय ती व्हडी कसली गो?”

“पाटीवर बापाशीचा नाव घातल्यानी.”

“वाचलंय मी.”

आईला अक्षर येत नव्हतं. “वाचूक कधी शिकलंस?”

“थय येळ खूप असता,” आई म्हणते आणि पाणी उपसत राहते.

मला तिची फार आठवण येते. मी तिला तसं सांगते. सांगताना रडते.

“रडान बूच बसता काय? बूच खय आसा ता बघ.”

मी बघते. तळाच्या भोकात बूच नाही. पाणी उसळून वर येतंय आणि फरशीचा चिखल झालाय. माझा बाक म्हणजे आमच्या धक्क्याची शेवाळलेली पायरी आहे. जिथे भिंत होती तिथे खाडी पसरलीय, पलीकडे कांदळाची झाडी. तिथून कोणीतरी हाक मारतं, “ओऽऽ तारीऽऽ!”

“इलंऽऽय!” आई ओरडते. हाक आली की आई जायचीच. ताटावरून उठून जायची.

“बस भुतूर,” ती मला म्हणते.

मी बसते. पुढच्या फळीवर बाबा आधीच बसलेत, डोळे घट्ट मिटून. मांडीवर ती पाटी.

“सुभद्रे, हळू गो. माका घेरी येता.”

“तुमी डोळे उघडू नकात. पाटी धरा घट.”

“उदयान माका न इचारता लिवल्यान गो,” बाबा कुरकुरतात. “जड आसा ही. माका नको.” ते खोटं बोलत नसावेत. बाबा आळशी होते, पण दुसऱ्याचं ओरबाडणारे नव्हते.

होडी काचेच्या कपाटांमधून जाते, नांगरांवरून जाते, आणि अचानक रेड्याएवढ्या लाटा उठतात. मला हा दिवस माहीत आहे. त्या दिवशी तुफान वारा होता आणि गावातले एक बडे गृहस्थ धक्क्यावर उभे राहून होडी काढ म्हणून आईला फर्मावत होते. बूच नसलं तर होडी पाण्यात घालता येत नाही, म्हणून आई रोज संध्याकाळी ते काढून पदराला बांधायची. त्या दिवशी तिने भर दुपारी काढलं, त्यांच्या डोळ्यांदेखत गाठ मारली आणि म्हणाली, “बूच माज्याकडे आसा. घाई आसा तर पवत जा.” त्या वाऱ्यात पोहत कोण जाणार? गेले परत घरी. मी तिच्या मागे उभी होते. माझी आई किती उंच आहे, असं मला वाटलं होतं. खरं तर ती माझ्या आत्ताच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोचली नसती.

“आये, बूच गावणा नाय.”

“आसा ता माज्याकडे.” ती पदराची गाठ सोडते. बूच बाहेर काढते, ओलं, काळं. माझा पदर ओढून घेते आणि त्यात बांधू लागते.

“माज्या पदरात कित्या? मी काय करू?”

“मी काय करी होतंय?”

“बूच देऊक नाय होतंस.”

“मगे तूय देऊ नको.”

दातांनी ओढून ती गाठ आवळते. पलीकडून पुन्हा हाक येते. या वेळी बारीक आवाजात, अगदी जवळून.

“आत्या! आत्या, उठ ना!”

ओवी मला हलवते आहे. मागे उदय, पाण्याची बाटली घेऊन. वर पंखा फिरतोय, फरशी कोरडी ठणठणीत. मी पदर सावरायला हात नेते आणि हात ओला होतो. पदराच्या टोकाला गाठ आहे, दातांनी आवळलेली. आत काहीतरी कठीण. चाचपून बघायचीही गरज नाही.

उदय होडीकडे बघतो. तळाच्या भोकातून खालची फरशी दिसते आहे.

“ताई, तू दोरीच्या आत गेली होतीस?”

“मी इथून हललेसुद्धा नाही.”

“मग हे... ठेव ते परत. चोरी आहे ही. कोणी पाहिलं तर?”

“पाहू दे. अख्खी आई उचललीत त्याचं काही नाही, आणि बूच घेतलं तर चोरी?”

तो मान खाली घालतो, लहानपणी घालायचा तशीच. ओवी माझ्या ओल्या पदराला हात लावते.

“आत्या, होडी कोण चालवायचं?”

“तुझी आजी. सुभद्रा विष्णू खडपकर. म्हणून दाखव.”

ती म्हणून दाखवते, मोठ्याने. कोपऱ्यातले दोघे-तिघे वळून बघतात. वळू देत.

“आता कुठे निघालीस?” उदय विचारतो.

“कार्यालयात. पाटीवर तेच नाव लागलं की बूच मिळेल, असं सांगायला.”

“आणि नाही लावलं तर?”

मी पदर कमरेला खोचते. पोटाला गार लागतं.

“तर पवत जा म्हणावं,” मी म्हणते आणि ओवीचा हात धरून चालू लागते.