आठ तासांची परवानगी

अख्ख्या खान्देशात मोबाइलमधल्या अटी आणि शर्ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमचा थोरला साडू निघाला. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून आम्हीही आबाच म्हणतो. जन्म पोस्टात गेला, आता पाचोऱ्याला निवृत्तीत आहेत. पण माणूस निवृत्त झाला तरी त्याच्यातलं पोस्ट काही निवृत्त झालेलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. पोस्टकार्ड तर उघडंच असतं, मजकूर आपण होऊन डोळ्यांत शिरतो. म्हणून आबा सगळी कार्डं पत्त्याची बाजू वर करून लावायचे आणि वाटेत वाऱ्यानं एखादं उलटलं तर मान फिरवायचे. एकदा त्यांच्या सासऱ्यांचंच कार्ड आलं, अक्कांच्या नावाचं. आबांनी ते न वाचता नेऊन अक्कांच्या हातात दिलं. अक्का पापड लाटत होत्या, त्यांनी ते फडताळात ठेवलं आणि विसरल्या. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी अक्कांच्या माहेरची, चाळीसगावची, नऊ माणसं दारात हजर! घरात बट्टीचं पीठसुद्धा मळलेलं नव्हतं. सासरे संतापले, "अहो, तुमच्याच हातून आलं ना कार्ड?" आबा शांतपणे म्हणाले, "हातून आलं, पण माझ्या नावाचं नव्हतं."

अशा माणसाच्या हातात पुण्याच्या मुलानं स्मार्टफोन दिला, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना करा. पहिल्याच आठवड्यात त्यातल्या एका टॉर्चच्या ॲपनं आबांकडे ओळखीच्यांचे नंबर मागितले. आबा खवळले. "अंधारमां उजेड पाडाले मना व्याहीना नंबर कसाले लागस?" असं त्यांनी प्रथम फोनलाच विचारलं. फोननं उत्तर दिलं नाही, म्हणून कंपनीला पत्र लिहिलं. तेही ईमेल नव्हे, सुवाच्य अक्षरात दोन पानं, पोचपावतीसह रजिस्टर. उत्तर आजतागायत नाही. पोचपावती मात्र परत आली आणि ती त्यांनी फाइलला लावून ठेवली आहे. माझ्या धाकट्या मेहुणीच्या मुलीच्या लग्नाची बोलणी त्यांच्याकडे झाली, तेव्हा तर त्यांनी कमालच केली. 'फोन ऐकतात' म्हणून आलेल्या पाहुण्यांचे सगळे फोन गोळा केले आणि दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. बोलणी ऐन रंगात आली आणि डबा वाजायला लागला. मुलाचे वडील पिठानं पांढरा झालेला फोन कानाला लावून बोलले, आणि पुढचा सगळा वेळ तो पांढरा कान घेऊन गंभीरपणे बसून राहिले. स्थळ जमलं, हे त्या मुलीचं नशीब!

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे. मी स्वतः जळगावचा नोकरदार माणूस. जो जे मागेल त्याला 'हो' म्हणून मोकळा होतो. पण मग अक्का विसरायला लागल्या. आधी दुधाखालचा गॅस, मग शेजारणीचं नाव, आणि एकदा तर भाजीबाजारातून घरी यायचा रस्ता. डॉक्टरांनी सांगितलं, त्या कुठे आहेत ते कळेल असा फोन त्यांच्याजवळ असू द्या. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आबा, सोपं आहे. आईला सांगूच नका. मागच्या मागे चालू करून ठेवा, ती कुठं जाते ते तुम्हाला दिसत राहील." आबांचा आवाज चढला. "पार्सल शे का ती? कोठे पोचनं ते देखाले!"

फोन घ्यायचा हे ठरलं, पण कोणता, यावर आबांनी आठ महिने घातले. एक वही केली. तिच्यात तीन रकाने: मोकळीक, पडदा, कुलूप. अक्कांना हवं ते करता यावं, त्यांचं कुणी चोरून पाहू नये, आणि कुण्या चोरट्यानं त्यांना फसवू नये. मी त्यांना घेऊन जळगावच्या एका दुकानात गेलो. आबांनी दुकानदाराला विचारलं, "हा घेतला की माझा का?" "तुमचाच की, आबा." "मग यातले हे चार ॲप काढून द्या." "ते निघत नाहीत, कंपनीनं टाकलेले आहेत." "म्हणजे घर माझं आणि आतल्या खोलीत जुन्या मालकाचा पाहुणा मुक्कामाला!" दुकानदारानं महागातला दुसरा दाखवला. हा एकदम सुरक्षित, बाहेरचं काही आत येत नाही. "आणि मला काही आत आणायचं असलं तर?" "कंपनीनं मान्य केलेलंच आणता येतं." आबांनी कुलुपाच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि मोकळिकीच्या रकान्यात 'वसतिगृह' असं लिहिलं. पुढे धुळ्याच्या एका ओळखीच्यानं सुचवलं, की फोनमधलं सगळं पुसून दुसरीच मोकळी प्रणाली घालून देतो, कुणाचा पाहुणा नाही न् काही नाही. आबा हरखले. पण बिघडला तर कोण निस्तरणार? "तुम्हीच." आबा वहीकडे बघत बसले. अक्कांच्या हातात बिघडणारा फोन द्यायचा कसा? एक रकाना भरला की दुसरा रिकामा व्हायचा. मी वैतागून म्हणालो, "आबा, फोन घेताय की सून पाहताय?"

आणि एका दुपारी अक्का मेथी आणायला म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत. आबांनी बाजार पालथा घातला, स्टेशन पाहिलं, मग मला फोन केला. आम्ही नवराबायको गाडीनं निघालो, पाचोऱ्याला आबांना बरोबर घेतलं. दिवस मावळायच्या आत चाळीसगावहून एका भल्या माणसाचा, अक्कांच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहून, फोन आला. अक्का तिथल्या फलाटावर मेथीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्ही पोचलो तर बहिणीला पाहून म्हणाल्या, "किती उशीर करा तुम्ही? माय वाट देखी ऱ्हायनी." त्यांची आई जाऊन कित्येक वर्षं झाली. माझी बायको तोंडाला पदर लावून बाजूला गेली. आबा अक्कांशेजारी बाकावर बसले, मेथीची पिशवी स्वतःकडे घेतली आणि मला एवढंच म्हणाले, "मी आठ महिने फोन निवडत बसलो हो." आठ महिने मी त्यांची टिंगल केली होती, पण त्या क्षणी ती माझीच मला बोचली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन घेतला. वही आणलीच नाही. मधलाच एक घेतला, ज्याची कुलपं कंपनी बरीच वर्षं दुरुस्त करत राहणार असा. निघतील तेवढे पाहुणे बाहेर काढले, न निघणाऱ्यांची तोंडं बंद केली. मुलानं पुन्हा सांगितलं, कायमचं चालू ठेवायचं ॲप आहे. आबांनी ते नाकारलं. निरोपांच्या ॲपमध्ये आठ तासांपुरतं ठिकाण कळवायची सोय असते, ती त्यांनी निवडली. "आठ तास म्हणजे एक ड्युटी झाली," म्हणाले. पण खरं कारण मला त्यांच्याकडे मुक्काम केला तेव्हा कळलं. सकाळी चहा झाल्यावर आबा फोन घेऊन अक्कांसमोर बसले आणि म्हणाले, "आज तू कोठे जाशी ते माले ह्यामां दिसी. देखू का?" अक्कांनी विचार केला. "देखा. पन आजना दिनच." आबांनी त्यांच्याच बोटानं बटण दाबून घेतलं. अक्का काल 'हो' म्हणाल्याचं आज त्यांना आठवत नाही, म्हणून कालचं 'हो' आज चालत नाही, असा आबांचा हिशेब. रोज नव्यानं विचारायचं.

"आणि नाही म्हणाल्या तर?" मी विचारलं. आबांनी अक्कांचा फोन त्यांच्या पिशवीत घातला आणि चहाचे कप उचलले.

त्याचं उत्तर मला मागच्या महिन्यात मिळालं. कामानं पाचोऱ्याला गेलो होतो. भर दुपार, ऊन नुसतं भाजत होतं. बाजारात अक्का दिसल्या, पिशवी हलवत चाललेल्या. आणि त्यांच्या मागे वीस पावलांवर, केळीच्या गाडीआडून, डोक्याला उपरणं गुंडाळलेले आमचे आबा! त्या थांबल्या की हे थांबत, त्या वळल्या की हे केळी चाचपत. मी जवळ जाऊन म्हटलं, "आबा, अहो हे काय?" "आज ती नही म्हननी," आबा कुजबुजले. "मग फोनात नाही पाहायचं." "आणि हे काय चाललंय?" आबा ओशाळले. "रस्ता काय, सगळ्यांचाच शे."

तेवढ्यात अक्का मागे वळल्या. आबा लपायला गेले, पण गाडीवाला गाडी घेऊन पुढे सरकला होता. अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ओळखलं की नाही, मला खरंच कळलं नाही. आबांनाही कळलं नसावं, कारण त्यांचा चेहरा पडला होता. मग अक्का म्हणाल्या, "मांगे मांगे कसाले येतस? संगे चाला ना."

आबांनी उपरणं सोडून तोंड पुसलं, आणि रोज सकाळी जी परवानगी मागावी लागायची ती आज न मागता मिळालेला तो म्हातारा, माझ्याकडे न बघता, त्यांच्या बरोबरीनं चालू लागला.