पंडुमाआधीची कैरी

वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी पहिले काही महिने मला स्वयंपाकघरातली सुरक्षा शिकवली. गॅसची नळी तपास, मिक्सरचं बटण आधी बंद कर, ओल्या हाताने फ्रीज उघडू नको. सगळी नोकरी सुरक्षा विभागात गेलेली, सवय जाणार कुठे! अशात ऊर्जानगरच्या एका मैत्रिणीने सांगितलं की भामरागडकडे काही माडिया बायका पायी सहली सुरू करताहेत. नदीकाठ, जंगल, सोबत गावातलीच वाटाडी. मी ह्यांना न विचारता दोघांची नावं कळवून टाकली. घरात बसवून ठेवण्यापेक्षा चालवलेला बरा, असा माझा साधा हिशेब.

मार्च संपत आला होता. हे जंगल पायी बघायचं ते खरं थंडीत, पण मोह फुललेला बघायचा तर उन्हाशी तडजोड करावी लागते. चंद्रपूरहून पहाटे गाडी काढली. गोंडपिपरीपर्यंत रस्ता बरा आहे. आष्टीनंतर खनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात जायची तयारी ठेवा. आम्ही वाट वाकडी करून मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली गावात जेवलो. मोहरीच्या तेलातली मासळी, वाफाळता भात आणि वर रसगुल्ला. ह्यांनी दोनदा भात घेतला आणि ट्रकांचा राग तिथेच विसरले. आलापल्लीला पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही.

आमची वाटाडी सुमित्रा, तिशीची असेल. काटक, बोलकी आणि चालायला लागली की आपल्याला पळावं लागतं. संध्याकाळी तिने आम्हाला पामुलगौतमीच्या काठाने नेलं. रुंद वाळू, मधूनमधून काळे खडक, पाणी घोट्याएवढं आणि टिटव्यांची आरडाओरड. चंद्रपुरात धुराडी बघून विटलेले माझे डोळे तिथे निवले. राहायची सोय तिच्याच घरातल्या सारवलेल्या खोलीत. चादरी स्वच्छ, संडास अंगणापलीकडे, मोबाइलला रेंज नाही. दोन रात्री, जेवण आणि वाटाडी धरून माणशी तीन हजार. जेवायला भात, अंबाडी आणि लाल मुंग्यांची चटणी होती. चटणी मी बोटावर घेतली, ह्यांनी वाटीत.

"बाई, तुमी पहिलेच पाहुने," सुमित्रा वाढताना म्हणाली. "आमी धा बाया दोन वरसं बैठका घेऊन राह्यलो. उद्या जे गाव लागते ना, त्यायनं वाट देली तं सगळं चालू. नदीचा उतार त्यायच्याच शिवेत आहे."

"आणि नाही दिली तर?"

"मंग मिरची."

तिच्या घरचे सगळे दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. तीही जायची. बोटांची आग रात्रभर जात नाही, लहान पोराला त्या हातांनी घेता येत नाही, असं ती सांगत होती. यंदा ती पहिल्यांदाच गेली नव्हती, ती या सहलींच्या भरवशावर. मला तिची काळजीच वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत निघालो. मोहाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या आणि सगळ्या रानाला तो गोड, जड वास होता. कोणत्या झाडावर कोणत्या घराचा हक्क, हे ठरलेलं असतं; त्यामुळे फूल उचलायचं नाही, असं सुमित्राने बजावलं. पुढे एका उघड्या माळावर उभ्या शिळा लागल्या. गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी पुरलेले दगड. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे, काहींवर शेवाळ वाळून काळं पडलेलं. आम्ही बौद्ध माणसं, देवाबिवाच्या वाटेला जात नाही. पण तिथे हे चपला काढून उभे राहिले, आणि मीही राहिले.

मग ते गाव आलं. नाव लिहीत नाही, का ते कळेलच. शिवेवर आंब्याचं मोठं झाड होतं. आम्हाला सावलीत बसवून सुमित्रा गायत्याला, म्हणजे गावच्या पूजेचा मान असलेल्या वडीलधाऱ्याला विचारायला गेली. वाऱ्याने कैऱ्या पडल्या होत्या. मी पाण्याची बाटली शोधत होते तेवढ्यात ह्यांनी एक उचलली, पंच्याला पुसली आणि कराकरा खाल्ली.

सुमित्रा परत आली ती हसतच. ह्यांच्या हातातली कोय दिसली आणि तिचं हसू गेलं.

"भाऊ, पंडुम नाई झाला अजून!"

नव्या आंब्याचा सण, मरका पंडुम. देवाला आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय या भागात नवा आंबा कोणी तोंडात घालत नाही.

"मोहाचं सांगितलंस, हे काऊन नाई सांगितलं?" हे म्हणाले.

ती खालीच बसली. "आमच्यात लहान पोट्ट्यालेबी नाई सांगा लागत. कोनी खाईल असं मनातच नाई आलं."

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "अहो, फेका ती झुडपात. कोणी पाहिलं नाही." सुमित्राने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तिलाही तेच हवं होतं असं मला आजही वाटतं.

ह्यांनी कोय मुठीत धरली. "परमिट आल्याशिवाय मी मोठ्या साहेबाले स्विचले हात लावू नाई देला. अन् आता मीच लावला. मले जाऊन सांगा लागते."

मला इतका राग आला होता! तत्त्वं ह्यांची आणि मिरची तोडायला जाणार ती. पण हे चालू लागले होते.

गायता अंगणात दोर वळत होता. ह्यांनी कोय पुढे केली. सुमित्राने माडियात सांगितलं. म्हातारा कोयीकडे बघून काहीतरी म्हणाला.

"दात आंबले काय, इचारते," सुमित्रा म्हणाली.

"आंबले," हे म्हणाले.

कोणी हसलं नाही. निकाल असा: आज गावातून जायचं नाही, नदीच्या बाजूने वळसा घालून परत जा. वाटेचं गाव पंडुम झाल्यावर बसून ठरवेल.

तो वळसा मी विसरणार नाही. तापलेल्या वाळूत पाय रुतत होते आणि डोक्यावर ऊन. हे दोनदा म्हणाले, "पोरी, चूक माही आहे." ती म्हणाली, "नाई भाऊ, मीच सांगाले पाह्यजे होतं." तिच्या घरून निघताना तिने घरच्या मोहाची फुलं बांधून दिली. मी तिला जवळ घेतलं आणि मला रडू आलं.

घरी आल्यावर बाजारात कैऱ्यांचे ढीग लागले होते. मी लोणच्याला आणल्या. हे एकीला हात लावेनात. म्हटलं, या आंध्रातल्या आहेत, इथे कोण बघतंय! "परमिट नाई आलं," एवढंच उत्तर. मी लोणचं एकटीने घातलं आणि एकटीने चाखलं. सहलीचे फोटो मैत्रिणींना दाखवताना नदी दाखवायचे, शिळा दाखवायचे, पण मनात सारखं तेच: त्या गावाने काय ठरवलं असेल? कोणी विचारलं की तिकडे जावं का, तर मला उत्तर देता येत नसे. ही पोस्टही म्हणूनच इतके दिवस अडून होती.

परवा सुमित्राचा फोन आला. रेंजसाठी ती कुठल्याशा टेकडीवर चढली होती, धापा टाकत होती. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि स्पीकर लावला.

"भाऊ, पंडुम झाला. गाव बसलं होतं. काही जनं नाई म्हनत होते. गायता म्हने, तो मानूस लपवू शकत होता, आपल्याले कुठी दिसलं असतं? वाट देली त्यायनं. पंडुमाआधी मात्र पाहुने आनाचे नाई. अन् तुमचा आंब्याचा वाटा काढून ठेवला होता, तो मीच खाल्ला."

हे चष्मा काढून पुसत बसले. मी कोपराने ढोसलं तेव्हा म्हणाले, "मंग मिरचीले?"

"नाई जात, भाऊ," ती म्हणाली. "नाई जात आता."